बाबांची गिटार आणि माझी वायर

परवा रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, इलेक्ट्रिक गिटार घेतलीये. आता लॅपटॉपला जोडून रेकॉर्ड करायचंय. कुठला इंटरफेस घेऊ?" (ताई, तू हे वाचत असशीलच. मी त्याला आधी अभ्यासाचंच विचारलं होतं, शप्पथ.)

मी त्याला कुठलंच नाव सांगितलं नाही. उलट विचारलं, "वाजवताना तू स्वतःला ऐकणार कशातून?"

"म्हणजे? हेडफोन आहे की. ब्लूटूथचा."

"आत्ता काही विकत घेऊ नकोस, थांब," असं म्हणून मी फोन ठेवला. त्याला वाटलं असेल, मामाचं वय झालं. पण जे सांगायचं होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. घरातल्या मंडळींनाही हा किस्सा अर्धाच माहीत आहे. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

तसं बघितलं तर गिटार कॉम्प्युटरला जोडणं ही काही फार मोठी विद्या नाही. गिटारची पाव इंची जाड पिन, लॅपटॉपचं बारीक भोक, मध्ये लॅमिंग्टन रोडवर वीस-तीस रुपयांना मिळणारा कन्व्हर्टर. झालं काम, असं प्रत्येकाला पहिल्यांदा वाटतं. मलाही वाटलं होतं. आवाज येतोही, पण गोधडीखाली बसून वाजवल्यासारखा. कारण साधं आहे. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्यातून निघणारी वीज अगदी क्षीण असते आणि तिला पुढच्या यंत्राचा भार सोसत नाही. गिटारच्या अँप्लिफायरचं तोंड साधारण दहा लाख ओहमचं असतं, म्हणजे ते पिकअपकडून जवळजवळ काहीच ओढून घेत नाही. लॅपटॉपच्या माइकच्या भोकाचा रोध असतो काही हजार ओहम. ते पिकअपला पिळून काढतं आणि वरच्या पट्टीतला सगळा खणखणीतपणा गिळून टाकतं. शिवाय हल्लीच्या लॅपटॉपवर माइक आणि हेडफोन मिळून एकच भोक असतं. तिथे तो साधा कन्व्हर्टर लावला तर पुष्कळदा काहीच ऐकू येत नाही.

म्हणून मधे ती पेटी लागते, ऑडिओ इंटरफेस. यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायची, पुढच्या बाजूला गिटारची पिन खुपसायची आणि 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी' असं लिहिलेलं बटण दाबायचं. ते बटण दाबलं की पेटीचं तोंड त्या दहा लाख ओहमच्या आसपास जातं. विसरलात तर पुन्हा गोधडी.

पुढची कटकट म्हणजे घूं आवाज. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, आणि पिकअप बिचारा जे कानावर येईल ते उचलतो. ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, काहीही. एक युक्ती : लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा, निम्म्या वेळा घूं तिथेच संपतो. तारांना हात लावल्यावर तो कमी होत असेल तर घाबरू नका, त्या जोडणीत तसंच होतं. मात्र घूं घालवण्यासाठी तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. आवाज जाईल, पण एखाद दिवशी वाजवणाराही जाईल.

असो. इथवरचं सगळं कुठल्याही दुकानदाराला विचारलं तरी तो सांगेल. मला म्हणायचंय ते पुढे आहे.

माझे बाबा हवाईयन गिटार वाजवतात. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात स्टीलचा रॉड, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. 1970 च्या आगेमागे मुंबई-पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांत हे वाद्य चांगलंच फोफावलं होतं. व्हॅन शिपली, हजारा सिंग आणि सुनील गांगुली यांच्या तबकड्या घरोघरी वाजत. सिनेमातली गाणी शब्दांशिवाय ऐकायची एक वेगळीच मजा असायची. बाबांनी कलकत्त्याहून आलेली एक इलेक्ट्रिक हवाईयन गिटार पगार साठवून घेतली आणि चाळीसेक वर्षं गणपतीत, कोजागिरीला, लग्नघरांत वाजवली. हल्लीच्या मुलांना ती गिटार 'खरी' इलेक्ट्रिक गिटार वाटत नाही. त्यांच्या माहितीसाठी : बाजारात यशस्वी झालेली पहिली इलेक्ट्रिक गिटार मांडीवरचीच होती. 1932 मध्ये अमेरिकेत विकायला आलेली रिकनबॅकरची ती गिटार तव्यासारखी दिसायची, म्हणून तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत. उभं राहून केस उडवत वाजवायच्या गिटारी नंतर आल्या.

तर 2018 च्या दिवाळीत माझ्या डोक्यात आलं की बाबांचं वाजवणं नीट रेकॉर्ड करून ठेवावं. त्यांना तेव्हा शहात्तरावं लागलं होतं. घरात होत्या त्या दोन जुन्या कॅसेट, एकीत बुरशी आणि दुसरीत मधेच माझ्या लहानपणीच्या कविता. मी पेटी आणली, लॅपटॉप मांडला, बाबांच्या कानांवर भलामोठा हेडफोन चढवला आणि त्यांचा तो जुना अँप्लिफायर बंद करून कोपऱ्यात सरकवला. म्हटलं, त्याची खरखर कशाला हवी? वायरीतून थेट घेऊ, स्वच्छ.

सुरुवातीला आवाज मधूनमधून चर्र चर्र करत तुटायचा. मी इकडेतिकडे वाचून सॉफ्टवेअरमधला 'बफर' नावाचा आकडा 128 वरून 1024 केला. चर्र चर्र थांबलं. मी स्वतःवर खूश! मग बाबा म्हणाले, "अरे, मला एकच स्वर दोन-दोनदा ऐकू येतोय." पेटीवर 'डायरेक्ट' असं लिहिलेलं एक बटण होतं. ते चालू असलं की गिटारचा कोरडा आवाज सरळ हेडफोनमध्ये जायचा आणि कॉम्प्युटरमधून फिरून आलेला आवाज वेगळा यायचा. दोन्हींपैकी एक बंद करणं भाग होतं. कॉम्प्युटरमधल्या आवाजाला मी देवळातल्यासारखा छान घुमारा लावला होता. तो गोड वाटत होता. म्हणून मी 'डायरेक्ट' बंद केलं.

या लेखात जी काही चूक आहे ती एवढीच आहे.

बाबांनी यमन घेतला. आलापात तसं काही जाणवलं नाही, पण गाण्याची चाल सुरू केली आणि रॉड स्वरावर ठरेना. पोचायच्या ठिकाणाच्या पुढे जायचा, मग मागे यायचा. लय रेंगाळायची. थांबायचे, पुन्हा सुरू करायचे, पुन्हा तेच. तीन संध्याकाळी आम्ही बसलो. रेकॉर्ड झालेलं ऐकलं तर सूर खरोखरच हललेले होते. त्यात काही भास नव्हता.

मी आणखी एक आगाऊपणा केला. सूर सरळ करणारं एक सॉफ्टवेअर मिळतं, त्यातून त्यांचं ते वाजवणं काढलं. त्याने प्रत्येक स्वर जवळच्या खुंटीला नेऊन टांगला. मींड होती तिथे जिन्याच्या पायऱ्या झाल्या. मोठ्या कौतुकाने बाबांना ऐकवलं. ते शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "हे कोणी वाजवलंय?" मग हेडफोन काढून शांतपणे म्हणाले, "राहू दे रे. हात म्हातारा झाला. आपल्याला कळायला उशीर झाला इतकंच."

आणि मलाही तसंच वाटलं. हे लिहायला जरा जड जातंय, पण वाटलं. घरात दुसरं कोणी काही बोलणार कसं? अँप्लिफायर बंद, आवाज फक्त त्यांच्या कानांत. आईला स्वयंपाकघरात तारांचं नुसतं टिंगटिंग ऐकू येत होतं. बाबांनी गिटार पुसली, पेटीत ठेवली आणि पेटी माळ्यावर गेली. त्यानंतर चार महिने ती खाली आली नाही. ते कधी कोणाच्या घरी वाजवायलाही गेले नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "पाठ दुखते."

मार्चमध्ये मुलीच्या शाळेसाठी मला एक गोष्ट वाचून रेकॉर्ड करायची होती. तोच लॅपटॉप, तीच पेटी, तोच हेडफोन. दुसऱ्याच वाक्याला माझे शब्द जड व्हायला लागले. मी बोलतोय आणि माझ्या मागोमाग कोणीतरी मलाच वेडावतंय. हेडफोन काढला की सगळं ठीक, लावला की पुन्हा जीभ अडखळतेय. (याचा नंतर शोध घेतला. बर्नार्ड ली नावाच्या माणसाने 1950 मध्येच यावर लिहून ठेवलंय : माणसाला स्वतःचा आवाज उशिरा ऐकवला तर चांगला बोलणारासुद्धा तोतरा होतो. एक-पंचमांश सेकंदाच्या आसपास उशीर असला तर सगळ्यात जास्त. माझ्या पेटीतला उशीर त्याहून बराच कमी होता, पण पुरला.) मी माइकवर नखाने टिचकी मारली. खोलीत टक् वाजलं आणि मग, अगदी जरासं मागाहून, कानात टक्.

तसाच बसून राहिलो. मग कागद घेऊन हिशोब केला.

कॉम्प्युटर आवाज सलग घेत नाही. सेकंदाला 44,100 नमुने घेतो आणि ते एकेक करून न हाताळता ढिगाने हाताळतो. बादली भरली की उचलायची, तसं. त्या बादलीचं माप म्हणजे बफर. 1024 ची बादली भरायला 23 मिलिसेकंद लागतात. आत येताना एक बादली, बाहेर जाताना एक, म्हणजे 46. वर पेटीचा आणि ड्रायव्हरचा स्वतःचा वेळ, म्हणजे पन्नाशीच्या पुढेच. बादली लहान केली तर उशीर कमी, पण ती भराभर उपसताना कॉम्प्युटरची दमछाक होते आणि आवाज तुटतो. तेच ते चर्र चर्र. मी ते घालवलं आणि त्याची किंमत बाबांच्या कानांकडून वसूल केली.

पन्नास मिलिसेकंद म्हणजे काय? आवाज हवेतून मिलिसेकंदाला साधारण 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे बाबा स्वतःच्या गिटारपासून 17 मीटर लांब बसून वाजवत होते. कार्यालयाच्या व्यासपीठावर हात आणि पार मागे, पंगतीच्या दाराशी कान!

पडदे असलेली गिटार वाजवणाऱ्याची अशा वेळी लय जाते. वाईट आहे, पण सूर तरी पडदा सांभाळतो. हवाईयन गिटारवाल्याला पडद्याचा आधारच नाही. तारेवर रॉड सरकवत न्यायचा आणि स्वर लागला की थांबायचं. तो लागला हे फक्त कान सांगतो. कानाने उशिरा सांगितलं तर हात पुढे निघून गेलेला असतो. मग मागे या, पुन्हा जास्त मागे या. रॉडचं ते पुढे-मागे होणं म्हातारपणाचं नव्हतं. त्या जागी तरुणपणचे बाबा बसवले असते तरी तसंच झालं असतं. उलट कान तयार नसलेला माणूस कदाचित थोडा कमी चुकला असता.

म्हणून माझं मत असं झालंय, आणि ते जरा हट्टी आहे. गिटार कॉम्प्युटरला जोडायची म्हटलं की लोक 24 बिट की 16, 48 किलोहर्ट्झ की 192, कुठला प्रीअँप, कुठलं सॉफ्टवेअर यावर रात्र-रात्र वाद घालतात. हे सगळं ऐकणाऱ्याच्या सोयीचं आहे. वाजवणाऱ्याची गरज एकच : हात हलला की त्याच क्षणी कानाला कळलं पाहिजे. ते जमत नसेल तर बाकीचं सगळं उंची सामान व्यर्थ आहे, कारण तुम्ही अत्यंत स्वच्छपणे एका बिथरलेल्या माणसाचं रेकॉर्डिंग करत असता. आणि त्या माणसाला ते कळत नाही! यंत्र बिघडलं तर आपण यंत्राला शिव्या देतो. पण यंत्र व्यवस्थित चाललंय आणि आपणच चुकतोय असं दिसलं की माणूस, त्यातून वय झालेला माणूस, मुकाट्याने स्वतःलाच दोष देतो.

यावर कोणी म्हणेल की थेट वायरीने घेणंच चूक, अँप्लिफायरपुढे माइक हवा. मला ते पटत नाही. 1960 च्या दशकात डेट्रॉइटला मोटाउनच्या स्टुडिओत गिटारी आणि बास थेट टेबलाला जोडत. बीटल्सच्या 'रिव्होल्यूशन'मधली ती फाटकी गिटार 1968 मध्ये थेट टेबलातूनच घेतलीय. फरक एवढाच की त्यांच्या तारांमध्ये बादल्या नव्हत्या. मोटाउनचे वादक एका स्पीकरमधून स्वतःला ऐकत, वाजवलं त्याच क्षणी.

आता भाच्यासाठी, मी काय करतो ते. 'डायरेक्ट' बटण नेहमी चालू. गिटार पेटीत शिरते तिथूनच परत हेडफोनला येते, कॉम्प्युटरच्या वाटेला जात नाही. सॉफ्टवेअरमधून ऐकणं बंद. आवाज कोरडा वाटतो, वाटू दे, घुमारा मागाहून कितीही लावता येतो. अँप्लिफायरचा आवाज कॉम्प्युटरमधूनच ऐकायचा असेल (आणि तुला तो हवा असणार, कारण थेट वायरीतली गिटार कर्कश लागते. गिटारचा स्पीकर पाचेक किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडतच नाही, तो काटा वायरीत तसाच राहतो) तर पेटीबरोबर आलेला स्वतःचा ड्रायव्हर टाक. विंडोजवर त्याला 'एसिओ' म्हणतात. बफर 128 किंवा त्याखाली ठेव. त्या मापात जाऊन-येऊन साधारण दहा मिलिसेकंद लागतात. तीन-साडेतीन मीटर, म्हणजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला अँप्लिफायर. तेवढं चालतं. आवाज तुटला तर ब्राउझर बंद कर, वाय-फाय बंद कर, पण बादली मोठी करू नकोस. आणि ब्लूटूथचा हेडफोन गाणी ऐकायला ठेव. तो शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज खातो, त्यापुढे माझा 1024 सुद्धा बरा.

बाबांना सांगायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. ते पेपर वाचत होते. म्हटलं, "बाबा, हात तुमचा नाही, वायर माझी चुकली होती." नखाच्या टिचकीचं सांगितलं, बादलीचं सांगितलं. त्यांनी बादलीचं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. पेपराची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली. "म्हणजे चार महिने..." एवढंच म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं. मग म्हणाले, "स्टूल घे. माळ्यावरून काढ."

तारांना गंज चढला होता. नवा संच चढवण्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी अँप्लिफायर कोपऱ्यातून बाहेर आणला, पेटीतून दोन वाटा केल्या, एक गिटारच्या वायरीची आणि दुसरी खोलीत ठेवलेल्या माइकची. हेडफोन दिलाच नाही. त्यांनी यमन घेतला आणि रॉड जिथे जायचा तिथे गेला.

तेव्हापासून एकोणीस रेकॉर्डिंगं झाली. माइकच्या बाजूला कुकरच्या शिट्ट्या आहेत, आईचं "अहो, चहा" आहे, वायरीच्या बाजूला नुसते बाबा. मिसळताना मी दोन्ही थोडं थोडं घेतो. विसावं झालं नाही. 2022 पासून त्यांच्या उजव्या हाताला खरोखरच कंप सुटलाय आणि नखी तारेवर ठरत नाही. हे वायरीमुळे नाही, डॉक्टरांना दाखवलंय. त्या चार महिन्यांत आणखी पाच-सहा तरी झाली असती, हा हिशोब मी अधूनमधून करतो. बाबांनी तो माझ्यासमोर कधी केलेला नाही.

भाचा रविवारी येतोय, गिटार घेऊन. माझी पेटी त्याला द्यायची म्हणतोय, हल्ली ती तशी रिकामीच असते. बाबांना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, की त्याला रॉड आहे का, नसेल तर जुना एक आहे त्यांच्याकडे, मांडीवर घेऊन बघायला काय हरकत आहे.